चाळिशीनंतर पावडर जरा बाजूला ठेवा
राखोलीच्या दमट हवेत चेहरा चिकट होतो, म्हणून आपण पावडर थापतो. पण पंचेचाळिशीच्या आसपास इस्ट्रोजेन घटू लागतं. पाळी थांबल्यावर पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण 30 टक्के कमी होतं. वरून घाम, आतून कोरडेपणा! मग पावडर डोळ्यांखालच्या रेघांत जाऊन बसते आणि वय वाढवूनच दाखवते.

मैत्रिणींनो, आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि ते मुरेपर्यंत थांबा. फाउंडेशन फक्त डागांवर, बोटाने थोपटून, चोळायचं नाही. ब्लश क्रीमचाच घ्या, गालाच्या हाडावर जरा वर लावा. पावडर हवीच तर नाकापुरती.

टिकलीखाली खाज सुटते? लगेच बंद करा. तिच्या डिंकातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. तो दिसलाच तर कन्सीलरने झाकू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.