आकाशातला बोरघाट

मुंबई विमानतळाजवळच्या वाकोल्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. माहेर तुमसरचं, सासर इथलं. वर्षातून दोनदा त्या मुंबई ते नागपूर विमानाने जातात आणि पुढे गोंदियाच्या गाडीने तुमसर रोडपर्यंत. विमानाला उशीर झाला की गाडी चुकते, तिकिटाचे पैसे बुडतात आणि दाद मागायची कुणाकडे ते कळत नाही. त्यांनी विचारलंय, ‘या दोघांचं मिळून एकच तिकीट का निघत नाही?’ पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे. ‘आमच्या गच्चीवर उभं राहिलं की पंख्याच्या विमानांचा आवाज वेगळा ओळखू येतो. एवढी लहान विमानं एवढ्या मोठ्या विमानतळावर कशाला?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यात दडलं आहे.

ताईंना ऐकू येणारी ती घरघर बहुतेक एटीआर ७२ या विमानाची असणार. सत्तरेक माणसं नेणारं, सहा पात्यांच्या दोन पंख्यांचं हे विमान जवळच्या गावांसाठीच बनलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान गेलं ते याच जातीचं. विमान उत्तम आहे, अडचण धावपट्टीची आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात त्या एका पट्टीवर ४५ च्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे दर ८० सेकंदांना एक. साडेतीनशे माणसांचं बोइंग असो की सत्तर माणसांचं एटीआर, पाळी एकच लागते. उलट लहान विमान जास्तच जागा अडवतं. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे निघतात आणि मिनिट-दोन मिनिटं मागे रेंगाळतात. त्यांत सापडलं तर लहान विमान कलंडू शकतं. म्हणून अवजड विमानाच्या मागून उतरणाऱ्या मध्यम वजनाच्या विमानाला साधारण ९ किलोमीटर अंतर ठेवावंच लागतं. त्यात एटीआर उतरतं जेटपेक्षा सावकाश, तेव्हा त्याच्या मागच्या जेटलाही वेग आवरावा लागतो.

तेव्हा मुंबईत जवळच्या प्रवासाला विमान वापरायचं, तर ते जिथे रेल्वे खरोखर अपुरी पडते तिथेच वापरावं, हे माझं स्पष्ट मत आहे. अमरावती किंवा कोल्हापूर म्हणजे गाडीने एक अख्खी रात्र. तिथे विमान हवंच. पुणे, नाशिक, सुरत या गावांचं गणित निराळं आहे आणि ते समजून घ्यायला कर्जतला जावं लागेल.

पुण्याची गाडी कर्जतला थांबली की आपण वड्यासाठी खाली उतरतो. तेवढ्या वेळात गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाट असतो. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा तो चढ. पोलादी चाक पोलादी रुळावर इतकं हलकं चालतं, की सपाटीवर ताशी १०० किलोमीटरच्या वेगालाही एक टन वजन ओढायला चार-पाच किलोंचा जोर पुरतो. घाटात मात्र नुसत्या चढासाठी टनामागे २७ किलो जोर जास्तीचा लागतो. बँकर हवेत ते त्यासाठी.

आता विमान घ्या. आडव्या, सरळ रेषेत उडणाऱ्या प्रवासी जेटला हवेचा विरोध होतो तो त्याच्या वजनाच्या साधारण सतराव्या हिश्श्याएवढा. म्हणजे टनामागे जवळजवळ ६० किलो. तोल सांभाळून हवेत तरंगत राहायची ती किंमत आहे. तिला घाटाच्या भाषेत मांडलं की चित्र लख्ख होतं: विमान उडतं तेव्हा ते सतत १७ ला १ अशा घाटात चढत असतं. बोरघाटाच्या दुपटीहून उभा चढ, तोही निघाल्यापासून पोचेपर्यंत. खिडकीतून ढग सपाट दिसतात, पण इंजिनांच्या दृष्टीने मधे लोणावळा येतच नाही. गेली कित्येक वर्षं मी विमानात बसलो की हा न दिसणारा घाट आठवतो, आणि त्या दोन इंजिनांबद्दल आदर वाटतो.

रेल्वेची बाजू घेताना तिचा तोटाही सांगितला पाहिजे. डबा जड असतो. दर आसनामागे रेल्वे विमानाच्या जवळपास दुप्पट वजन वाहते. तो हिशेब धरला तरी रुळांचं पारडं बरंच जड राहतं. शिवाय विमानाला न दिसणाऱ्या घाटाआधी खराही घाट चढावा लागतो. कर्जतहून लोणावळ्याला जाताना गाडी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त उंची गाठते, लहान विमान पाच-सहा किलोमीटर. उतरताना त्यातलं काही वसूल होतं, पण सगळं नाही. हजार किलोमीटरच्या प्रवासात हा खर्च वेगाने भरून निघतो. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात विमान पुरतं वर जातं न जातं तोच खाली यायला लागतं.

जर्मनीत हे गणित नुसतं मांडलं नाही, वापरलं. कोलोन आणि फ्रँकफुर्ट यांच्यातलं अंतर आपल्या मुंबई-पुण्यासारखंच, पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचं. २००२ साली तिथे ताशी ३०० किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला आणि गाडी थेट फ्रँकफुर्ट विमानतळाच्या पोटात जाऊ लागली. २००७ साली लुफ्थान्साने कोलोन-फ्रँकफुर्ट विमान बंद केलं. बंद म्हणजे काय, तर तीच सेवा गाडीत हलवली. गाडीला विमानाचा क्रमांक मिळाला. कोलोनच्या रेल्वे स्थानकाला तर विमानतळांसारखं तीन अक्षरी नाव आहे, क्यूकेएल. बाहेरगावचा माणूस थेट कोलोनचं ‘विमान तिकीट’ काढतो आणि शेवटचा टप्पा रुळांवरून जातो.

मला या मार्गातली सर्वांत आवडणारी गोष्ट त्याचा चढ आहे. काही ठिकाणी तो २५ ला १ आहे, म्हणजे बोरघाटाहून कडक, आणि तिथे बँकर नाहीत. जुन्या पद्धतीत सगळी ओढ एकट्या इंजिनाच्या चाकांवर असते. चाकांवर जेवढं वजन, तेवढीच पकड. त्यापलीकडे जोर लावला की चाक जागच्या जागी घसरतं. म्हणून आणखी इंजिन लावायचं. जर्मनांच्या गाडीत मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात. निम्मे आस स्वतः फिरतात, त्यामुळे गाडीचं निम्मं वजन पकडीच्या कामी येतं. आपल्या वंदे भारतमध्ये हीच रचना आहे. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरशिवाय चढते. १८६३ साली घाटातून लोहमार्ग सुरू झाला त्या काळच्या अभियंत्यांना ही बातमी सांगता आली असती तर!

गाडी आणि विमानाची ही गाठ नवीन नाही. ३० मार्च १९२९ ला लंडनहून कराचीकडे इंपिरियल एअरवेजची पहिली हवाई डाक निघाली. सात दिवसांचा प्रवास. त्यात बाझल ते जिनोआ हा टप्पा रात्रीच्या रेल्वेचा होता, कारण मधे आल्प्स उभा आणि इटलीशी हवाई हक्कांचा तिढा. कराचीला डाक उतरली की मुंबईची पोती पुन्हा आगगाडीत. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा ४८ तासांचा प्रवास सुरू झाला. दिवसा विमान, रात्री रेल्वे. चार्ल्स लिंडबर्ग त्याचा तांत्रिक सल्लागार होता. अंधारात विमान चालवणं धोक्याचं होतं, मग रात्र गाडीत झोपून काढायची. किती सरळ विचार!

कराची-मुंबईचा रेल्वेचा तुकडा विमानाने जोडला तो १५ ऑक्टोबर १९३२ ला. जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे शाळेतलं पोरही सांगेल. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते, हेही काहींना ठाऊक असतं. पण जुहूहून तीच डाक बल्लारीमार्गे मद्रासला नेली ती नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. या सेवेची मूळ कल्पना त्यांचीच. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला हा माणूस भारतभर हिंडला होता, उतरायच्या जागा त्याने स्वतः पाहिल्या होत्या, आणि हवाई डाकेचा प्रस्ताव घेऊन तो टाटांकडे आला. १९४२ मध्ये महायुद्धात त्याचं विमान नाहीसं झालं आणि त्याबरोबर त्याचं नावही मागे पडलं. वाकोल्याहून जुहूचं जुनं विमानतळ जवळच आहे. तिकडे कधी गेलात तर व्हिंटसेंटची आठवण काढा. पावसाळ्यात जुहूची ती जमीन पाण्याखाली जायची, तेव्हा टाटांची विमानं चार महिने पुण्याला मुक्काम हलवत.

आता ताईंचा पहिला प्रश्न. एकत्र तिकीट म्हणजे नुसता कागद नव्हे. उशीर झाला तर तो कुणाच्या डोक्यावर, याचा तो करार असतो, आणि त्यामागे संभाव्यतेचं सुंदर गणित आहे. समजा एक गाडी वीसपैकी एकोणीस वेळा वेळेवर येते आणि एकदा तीन तास उशिरा. सरासरी उशीर निघतो फक्त ९ मिनिटांचा. पण विमान पकडणाऱ्याला सरासरीचा काय उपयोग? आपल्या वाट्याला ती विसावी फेरी येईल की काय, या धास्तीने तो दर वेळी तीन तास आधी निघतो. वीस प्रवाशांचे मिळून ६० तास फुकट जातात, एका प्रवाशाचा तीन तासांचा धोका टाळण्यासाठी. एकत्र तिकिटात तो एकटा माणूस पुढच्या विमानात बसवला जातो आणि बाकी एकोणीस जण वेळेवर घरातून निघतात. एका रिकाम्या खुर्चीत ६० तास वाचतात. गाड्यांचा वेग वाढवून, कोट्यवधी खर्चूनही एवढा वेळ वाचवणं कठीण.

ताई ज्या नागपूरला उतरतात, तिथे हे एकमेकांसाठी थांबणं एकेकाळी रोज घडत होतं. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री तिथल्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाची पोती आणि प्रवासी अदलाबदल करत आणि आल्या वाटेने परत जात. तेव्हा टपालाच्या पोत्यांनाही जे मिळालं ते आज माणसांना मिळायला हवं.

अडतं कुठे? रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं कित्येक महिने आधी. स्वस्त विमान तिकीट काढताना गाडीचं काढताच येत नाही. दुसरं, आपल्याकडे प्रतीक्षा यादी आहे. बसायला मिळेल की नाही याचीच खात्री नसलेलं तिकीट दुसऱ्या तिकिटाला कसं बांधणार? यावर उपाय आहे: विमानाने येणाऱ्यांसाठी दर गाडीत थोड्या जागांचा वेगळा कोटा. रेल्वेला कोटे नवे नाहीत.

रूळ तर आता पोचले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलं सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रलशी एका मार्गाने जोडली गेली. मध्यंतरी सीएसएमटीहून त्या मेट्रोत बसलो, तर समोर एक आजोबा गुडघ्यांत कुळथाच्या पिठाची पिशवी धरून बसले होते. पहाटे कोकणातून निघालेले, मुलीकडे मस्कतला चाललेले. टर्मिनल २ येईपर्यंत त्यांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं. डोळ्यांसमोर ते तीन तासांचं गणित बसलं होतं.

बीकेसीला बुलेट ट्रेनचं भुयारी स्थानक होतंय. तिथून मेट्रोने विमानतळाचं टर्मिनल १ तिसरंच स्थानक आहे. सुरत-वापीच्या प्रवाशाला ही जोड मोलाची ठरेल. मात्र खरी संधी मला पनवेलला दिसते. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आणि शेजारच्या पनवेलला कोकणची, पुण्याची आणि दिव्याची लाइन एकत्र येते. चिपळूणचा, साताऱ्याचा माणूस विमानासाठी दादरपर्यंत येऊन मागे का फिरेल? पनवेलला गाड्यांच्या वेळा विमानांशी जुळवणं आणि सामान थेट विमानात जाईल अशी सोय करणं, हे आत्ता, सगळं नवं असतानाच व्हायला हवं. २०१८ मध्ये निर्वात नळीतून पुणे-मुंबई २५ मिनिटांत नेणाऱ्या हायपरलूपच्या बातम्या आपण वाचल्या. ते बांधू पाहणारी कंपनी २०२३ अखेर बंद झाली. त्या नळीपेक्षा वेळापत्रकावर एवढी मेहनत घेतली असती तर बरंच काही पदरात पडलं असतं.

ताई, एकत्र तिकीट येईल तेव्हा येईल. तोवर एक करा: नागपूरला उतरल्यावर दिवसातली शेवटची गाडी कधी धरू नका. जिच्यामागे तासा-दोन तासांनी तुमसर रोडला थांबणारी आणखी एक गाडी आहे, अशीच निवडा, आणि त्या दुसऱ्या गाडीची वेळ घरच्यांना आधीच सांगून ठेवा.