झहीर खान : श्रीरामपूरचा डावखुरा

जन्म : ७ ऑक्टोबर १९७८, श्रीरामपूर. दौंड–मनमाड लोहमार्गावरचं गाव. स्थानकाचं नाव मात्र बेलापूर.

रणजी पदार्पण बडोद्याकडून. कसोटी पदार्पण : नोव्हेंबर २०००, ढाका.

कसोटी : ९२ सामने, ३११ बळी. एकदिवसीय : २०० सामने, २८२ बळी (आशिया संघाचे ६ सामने धरून).

वळण : २००६, वूस्टरशायर. कौंटी हंगामात भरपूर षटकं टाकून तो भारतीय संघात परतला. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत ९ बळी, सामनावीर.

विश्वचषक २०११ : २१ बळी, शाहिद आफ्रिदीसह सर्वाधिक.

हुकमी अस्त्र, रिव्हर्स स्विंग : नवा चेंडू चकाकत्या बाजूपासून दूर वळतो, जुना, वेगात टाकलेला, चकाकीकडेच. फलंदाज इथेच फसतो.

निवृत्ती : ऑक्टोबर २०१५.