विश्लेषण : भूमध्य सागराकाठी भर उन्हाळ्यात गोल्फ कसे चालते? परभणीने त्यातून काय घ्यावे, काय टाळावे?

स्पर्धा तीन दिवसांची, पण पाहुण्यांचा मुक्काम आठवडाभराचा. दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील गावे या हिशेबावर उन्हाळा काढतात. मात्र या हिरवळीला पाणी कुठून येते, हा प्रश्न तिथेही विचारला जातो. तोच प्रश्न मराठवाड्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे.

मे महिन्यात परभणीत दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. पारा चाळिशीच्या बराच पुढे गेलेला असतो आणि नळाला पाणी कधी येणार, याची चर्चा घराघरांत असते. अशा दिवसांत मैदानी स्पर्धा आणि पर्यटन हे शब्दही कुणी उच्चारत नाही. दक्षिण युरोपात भूमध्य सागराच्या काठावरही उन्हाळा कोरडा असतो. जून ते ऑगस्टमध्ये तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. तरीही याच काळात तिथली हॉटेले भरलेली असतात आणि हिरव्यागार मैदानांवर गोल्फच्या स्पर्धा रंगतात. हे कसे साधते, त्याची किंमत कोण मोजते आणि परभणीसारख्या जिल्ह्याला त्यातून काही शिकता येईल का?

याची चर्चा भारतात कशामुळे झाली?

१४ जुलै २०२४ रोजी स्पेनमधील वाल्देरामा येथे ‘लिव्ह गोल्फ’ मालिकेतील स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पुण्यात जन्मलेला भारतीय गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. अखेरच्या होलवर त्याचा एक छोटा फटका हुकला आणि सामना प्ले-ऑफमध्ये गेला. तिथे स्पेनच्या सर्जिओ गार्सियाने त्याला मागे टाकले.

वाल्देरामा हे मैदान सोटोग्रांदे या किनारी वसाहतीला लागून आहे. १९९७ मध्ये युरोप आणि अमेरिका यांच्यातील प्रतिष्ठेची रायडर कप स्पर्धा येथेच झाली. युरोपच्या मुख्य भूमीवर ही स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ होती. तेव्हापासून या किनाऱ्याची ओळख जगभरातील गोल्फप्रेमींमध्ये पक्की झाली. इथली मैदाने इतकी दाट आहेत, की ‘कोस्टा देल सोल’ म्हणजे ‘सूर्याचा किनारा’ या नावावरून ‘कोस्टा देल गोल्फ’ असे टोपणनावही पडले.

स्पर्धा आणि पर्यटन यांची सांगड कशी घातली जाते?

गोल्फच्या १८ होलची एक फेरी पूर्ण व्हायला चार ते साडेचार तास लागतात. उन्हाळ्यात हौशी खेळाडू पहाटेच मैदानात उतरतात आणि ऊन चढायच्या आत खेळ आटोपतात. दुपारी दुकाने बंद असतात, लोक विश्रांती घेतात. संध्याकाळी गाव पुन्हा जागे होते आणि रात्रीचे जेवण नऊनंतर. दिवसाची ही मांडणी परभणीकराला मुळीच परकी वाटणार नाही.

खेळाडूबरोबर कुटुंब येते आणि सर्वांनाच गोल्फ खेळायचा नसतो. त्यांच्यासाठी आसपासची ठिकाणे असतात. सोटोग्रांदेपासून जिब्राल्टरचा ४२६ मीटर उंचीचा खडक आणि त्यावरची माकडे जवळच आहेत. कासारेससारखी पांढऱ्या घरांची डोंगरी गावे आहेत. रोंदा येथे खोल दरीवर १७९३ मध्ये पूर्ण झालेला दगडी पूल आहे. तारिफा गावातून सुमारे १४ किलोमीटरवरचा आफ्रिकेचा किनारा नजरेस पडतो. एकेक ठिकाण अर्ध्या-एका दिवसाचे असल्याने मुक्काम वाढतो.

खरे तर तिथेही गोल्फसाठी येणाऱ्यांची मोठी गर्दी वसंत आणि शरद ऋतूत असते, कारण तेव्हा हवा सुखद असते. उन्हाळी स्पर्धा भरवल्या जातात त्या समुद्रासाठी आलेल्या पाहुण्यांना आणखी चार दिवस थांबवण्यासाठी. म्हणजे स्पर्धा हे निमित्त असते, कमाई होते ती मुक्कामातून. हॉटेल, खानावळ, टॅक्सी, वाटाड्या, बाजार या सर्वांना त्यातला वाटा मिळतो.

गोल्फच्या मैदानाला पाणी किती लागते?

हा हिशेब साधा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर १० हजार लिटर लागते. १८ होलचे मैदान साधारण ५० ते ६० हेक्टरचे असते. त्यातील निम्म्या म्हणजे ३० हेक्टर गवताला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले, तर रोजची गरज १५ लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर! जलजीवन मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दरडोई ५५ लिटर या निकषाने हे पाणी २७ हजारांहून अधिक लोकांना पुरेल. मराठवाड्यात मे महिन्यातले बाष्पीभवन पाहता इथे गरज याहूनही जास्त निघेल.

मग युरोपात यावर वाद होत नाही?

होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रान्समध्ये दुष्काळामुळे नागरिकांवर पाणीवापराचे निर्बंध आले. बागेला पाणी घालायला, गाडी धुवायला अनेक भागांत बंदी होती. गोल्फच्या मैदानांवरील ‘ग्रीन’ना, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, मात्र सवलत दिली गेली. त्याच्या निषेधार्थ तुलूझ शहराजवळ आंदोलकांनी मैदानांवरील होल सिमेंटने बुजवले. पुढच्या वर्षी स्पेनमध्येही असे प्रकार घडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोना परिसरात दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली.

यातून दोन उपाय पुढे आले. पहिला सांडपाण्याचा. स्पेनच्या अंदालुसिया प्रांताने २००८ मध्ये गोल्फ मैदानांसाठी नियमावली केली आणि सिंचनासाठी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भर दिला. गावात आणि हॉटेलांत वापरलेले पाणी शुद्ध करून गवताला द्यायचे, पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व.

दुसरा उपाय गवताचा. थंड हवेतील नाजूक गवताऐवजी उष्ण हवेत तग धरणारे ‘बर्म्युडा’ गवत अनेक ठिकाणी लावले जाते. हे बर्म्युडा गवत म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. परभणीचा शेतकरी जी हरळी कापसाच्या रानातून खणून बांधावर टाकतो, तिचेच संकरित वाण भूमध्य सागराकाठी मोठ्या खर्चाने वाढवले जातात. ती कमी पाण्यावर जगते, पण स्पर्धेसाठी हिरवीगार ठेवायची तर तिलाही पाणी लागतेच.

महाराष्ट्रात गोल्फ कुठे रुजला?

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वात जुना. उन्हाळ्यात साहेबलोक थंड हवेच्या ठिकाणी जात आणि गोल्फही त्यांच्याबरोबर डोंगरावर जाई. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि लष्करी छावण्यांच्या परिसरात हा खेळ रुजला. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही लोकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे. तिथे आता क्रिकेटचे सामने होतात. पठारावरच्या कोरड्या जिल्ह्यांत मात्र गोल्फ फारसा पोहोचला नाही. त्याचे एक कारण पैसा, तर दुसरे पाणी.

मैदान आणि पाणी हा संघर्ष आपल्याकडे झाला आहे का?

झाला आहे. तोही याच मराठवाड्याच्या निमित्ताने. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. वर मांडलेल्या हिशेबाने गोल्फच्या एका मैदानाची ही केवळ आठ तासांची गरज आहे. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांसाठी पिण्याचे नव्हे, तर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, अशी तयारी आयोजकांनी दाखवली होती. तरीही आदेश कायम राहिला आणि मुंबईतला अंतिम सामना २९ मे रोजी बंगळूरूत झाला.

त्यावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. सामने हलवल्याने लातूरला एक थेंबही जास्त मिळणार नाही, असे एकीकडे म्हटले गेले. रेल्वेने पाणी आणावे लागत असताना हिरवळीवर पाणी फवारणे असंवेदनशील आहे, असे दुसरीकडे. वादाचा निकाल काहीही लागो, एक गोष्ट स्पष्ट झाली. दुष्काळी वर्षात पाण्यावर उभा असलेला कोणताही उन्हाळी खेळ महाराष्ट्रात निर्धास्त राहू शकत नाही.

परभणीकडे दाखवण्यासारखे काय आहे?

बरेच आहे. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. जिंतूर-जालना मार्गावरील चारठाणा गावात प्राचीन मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव आहे. पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. गोदाकाठी संत जनाबाईंचे गंगाखेड आणि नदीपात्रातले मुद्गलेश्वराचे मंदिर आहे. पाथरीला साईबाबांचे जन्मस्थान मानणारा मोठा भाविकवर्ग आहे. पाथरीच्या विकासासाठी निधी जाहीर झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये शिर्डीत बंद पाळला गेला होता. खुद्द परभणी शहरात पारद शिवलिंगाचे मंदिर आणि हजरत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या फेब्रुवारीतील उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात.

रेल्वेचीही अडचण नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील परभणी हे जंक्शन आहे आणि इथूनच परळीकडे फाटा फुटतो. एका बाजूला परळी वैजनाथ, दुसऱ्या बाजूला औंढा नागनाथ, पुढे नांदेडचा गुरुद्वारा. असंख्य भाविक परभणीवरून जातात. पण बहुतेक जण गाडी बदलतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. परभणीत उणीव आहे ती मुक्कामाची.

मग परभणीने काय घ्यावे, काय टाळावे?

टाळायची ती उन्हाळी हिरवळ. समुद्राकाठच्या वाल्देरामाला खारे वारे थंडावा देतात. त्याच अंदालुसियात समुद्रापासून दूर असलेल्या कोर्दोबा, सेव्हिया या शहरांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी पर्यटकही सावली शोधतात. परभणीची तुलना करायची तर ती या शहरांशी करायला हवी. येलदरी आणि जायकवाडीच्या पाण्यावर शेती, शहरे आणि पिण्याच्या योजना अवलंबून असताना रोज १५ लाख लिटरचा नवा वाटेकरी इथे परवडणारा नाही.

घ्यायचे ते मुक्कामाचे गणित. त्यासाठी गोल्फच हवा असे नाही. मराठवाड्याकडे पाण्याशिवाय चालणाऱ्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. गावच्या यात्रेत शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्तीपासून मानाच्या चांदीच्या कड्यापर्यंत जोडी लागते आणि पंचक्रोशीतून लोक येतात. कुस्ती, कबड्डी आणि खो-खो या तिन्ही खेळांना माती पुरते. मातीवर शिंपडायला लागणारे पाणी हिरवळीच्या तुलनेत नगण्य असते.

या स्पर्धा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत घेतल्या, तर हवामान अनुकूल असते, धरणांत साठा असतो आणि उरुसासारखे उत्सवही त्याच काळात येतात. सकाळी लढती, दुपारी एका दिशेला सहल, असे तीन दिवस सहज आखता येतात. एक दिवस जिंतूर, नेमगिरी, चारठाणा आणि येलदरी. दुसरा दिवस पाथरी आणि मुद्गल. तिसरा दिवस गंगाखेड. ही तालुक्याची ठिकाणे परभणीपासून साधारण ४० ते ४५ किलोमीटरच्या परिघात आहेत.

अर्थात त्यासाठी काही गोष्टी आधी व्हाव्या लागतील. खेळाडूंबरोबर आलेल्या पालकांना परवडणाऱ्या स्वच्छ खोल्या, महिलांसाठी स्वच्छतागृहे, चारठाण्याच्या मंदिरांजवळ माहितीचा साधा फलक, स्थानकापासून या ठिकाणांपर्यंत वेळेवर सुटणारी बस. यातील एकाही कामाला धरणाचे पाणी लागत नाही. परळी आणि औंढ्याच्या वाटेवर असलेला भाविक परभणीत एक रात्र थांबला, तरी खानावळवाला, रिक्षावाला आणि लॉजवाला यांच्या गल्ल्यात त्याचा पैसा पडेल.