कीड व पशुरोग यांच्या प्रादेशिक जोखमीचे मूल्यमापन

पिकावरील कीड अथवा गुरांवरील रोग यांची दखल बहुधा हानी झाल्यानंतरच घेतली जाते. पंचनामा हा झालेल्या नुकसानीचा हिशेब होय. जोखमीचे मूल्यमापन हा संभाव्य नुकसानीचा अंदाज होय. त्याचे स्वरूप दोन प्रश्नांत सामावते : आपत्ती ओढवण्याचा संभव किती, आणि ती ओढवल्यास हानी किती? या दोहोंचा एकत्र विचार केल्याखेरीज जोखीम ठरत नाही.

यांपैकी संभवाचे तीन टप्पे पाडले जातात : प्रवेश, स्थिरावणे व प्रसार. समजा, यांतील प्रत्येक टप्पा, आधीचा पार पडल्यास, घडण्याचा संभव निम्मा आहे. तर तिन्ही घडण्याचा संभव अवघा एक-अष्टमांश उरतो. सारांश, साखळीतील एखादाच दुवा दुर्बल करता आला तरी एकंदर जोखीम पुष्कळच घटते. कोणता दुवा सर्वांत कमी खर्चात तोडता येईल हे शोधणे, हाच मूल्यमापनाचा व्यावहारिक हेतू होय.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतात बीटी कपाशीस २००२ साली अनुमती मिळाली व २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. तथापि पुढे अळीत या दोन्ही विषद्रव्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस-उत्पादकांस मोठी झळ पोहोचली. येथे प्रवेशाचा प्रश्नच नव्हता; कीड देशात पूर्वापार होतीच. प्रश्न होता तो एका हंगामातून दुसऱ्या हंगामात टिकून राहण्याचा. ही अळी सरकीत व वाळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. म्हणून सलग कपाशीचे क्षेत्र, पेरणीच्या तारखांतील तफावत, बांधावरील पऱ्हाटीचे ढीग, जिनिंग कारखान्यांतील सरकीचा साठा आणि फरदडीचे प्रमाण, हे त्या प्रदेशाच्या जोखमीचे खरे निर्देशक ठरतात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडणे, ही आर्थिक नुकसानीच्या पातळीची खूण मानली जाते. परंतु ती हंगामातील सूचना आहे, हंगामापूर्वीचा अंदाज नव्हे.

फरदडीचा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. ओलिताची सोय असणारा शेतकरी पीक लांबवून आणखी काही वेचण्या पदरात पाडून घेतो. त्याच्या पुरता हा व्यवहार फायद्याचा असतो; किडीस मात्र त्यामुळे अखंड अन्न मिळते, आणि त्याची किंमत पुढील हंगामात शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यास मोजावी लागते. लाभ एकाचा व हानी दुसऱ्याची असल्यामुळे जोखमीचे एकक एक शेत असून चालत नाही. ते परस्परांशी संलग्न असे क्षेत्रच असावे लागते.

पशुरोगांच्या बाबतीत क्षेत्राची ही सीमा अधिक अस्थिर असते, कारण जनावर चालते व विकलेही जाते. लम्पी त्वचारोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ साली तो महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला. त्याचा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे पसरतो. परंतु दूरच्या अंतरावर त्यास नेते ती गुरांची वाहतूक. म्हणूनच त्या वर्षी लसीकरणाबरोबर गुरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध घालण्यात आले. केवळ जनावरांची घनता दर्शविणारा नकाशा येथे अपुरा पडतो. आठवडी बाजार व त्यांना जोडणारे रस्ते हेही त्यावर असावयास हवेत.

हानीचे मोजमाप करताना सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. दहा गाई असणाऱ्या गोठ्यातील एक गाय दगावणे आणि एकुलती एक गाय दगावणे, या दोन घटना आकडेवारीत सारख्याच दिसतात; त्या कुटुंबांच्या दृष्टीने त्या सारख्या नसतात. ऐन पेरणीत बैल आजारी पडल्यास मृत्यू न होताही हंगाम हुकू शकतो.

शेवटी माहितीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न राहतो. ज्या तालुक्यातून रोगाची वार्ता येत नाही, तेथे रोग नाही असे मानणे चूक आहे. कदाचित तेथे पशुवैद्यकीय दवाखानाच दूर असेल. बुळकांडी रोगाचे २०११ साली जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. त्यापूर्वी लसीकरण थांबवून, मुद्दाम शोध घेऊनही रोग आढळत नाही, हे देशोदेशी सिद्ध करावे लागले. शोध घेऊन न सापडणे हा पुरावा होय. शोधच न घेणे हा नव्हे. म्हणून प्रत्येक प्रादेशिक नकाशावर जोखमीच्या श्रेणीबरोबरच पाहणी किती झाली याचीही नोंद असणे आवश्यक आहे. तसे नसल्यास लस, सापळे व मनुष्यबळ ही साधने जेथे नोंदी अधिक तेथे जातील. जेथे धोका अधिक तेथे जातीलच असे नाही.