थ्रॉटलचे टक्के आणि गिअरचा तक्ता

स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारीत कोणत्या वेगास कोणता गिअर पडावा याचा निर्णय चालकाच्या हातून काढून यंत्राकडे सोपविलेला असला, तरी चालकास घाई आहे की सावकाशीने जायचे आहे, हे कळण्यास ॲक्सिलरेटरवरील त्याच्या पायाखेरीज दुसरा मार्ग त्या यंत्रापाशी नाही. जनरल मोटर्सने १९८२ साली आणलेल्या ७००आर४ या चार गिअरांच्या पेटीत ही खबर पोलादी तारेची एक केबल पोहोचवीत असे, व तिच्या ओढीनुसार गिअर बदलण्याची वेळ तर ठरेच, परंतु पेटीतील तेलाचा दाबही ठरत असे. कार्ब्युरेटर बदलून ही केबल नीट न जुळविताच गाडी हाकल्यामुळे दाब अपुरा पडून आतील क्लचच्या चकत्या जळाल्याचे दाखले अमेरिकेतील कारागिरांना चांगले परिचित आहेत.

१९९३ साली त्याच घराण्यातील ४एल६०-ई आली आणि केबलची जागा विद्युत्संकेताने घेतली. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, दांड्यावरील सेन्सरला ५ व्होल्टांचा पुरवठा असतो. झडप मिटली असता तो साधारण अर्धा व्होल्ट, व पूर्ण उघडली असता चार-साडेचार व्होल्ट परत धाडतो. गाडीतील संगणक या व्होल्टांचे शून्य ते शंभर टक्के असे रूपांतर करून मगच तक्ता पाहतो. तक्त्यात थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यासमोर वरचा गिअर टाकण्याचा वेग नोंदलेला असतो. खालचा गिअर टाकण्याचा तक्ता निराळा, व त्यातील वेग मुद्दाम कमी ठेवलेले, कारण तसे न केल्यास गाडी एकाच वेगावर दोन गिअरांत हेलकावत राहील.

तक्त्यातील आकडे बदलण्याचा मोह सर्वांस होतो, पण दोष पुष्कळदा त्याच्या आधीच्या रूपांतरात असतो. समजा, पाय तळाशी टेकला असता सेन्सर ४.२ व्होल्टच देतो, आणि संगणकास मात्र पूर्ण थ्रॉटल म्हणजे ५ व्होल्ट असे सांगून ठेवले आहे. तर खालची बाजू अर्ध्या व्होल्टची धरता पूर्ण दाबलेला पाय त्याला ८२ टक्केच दिसेल. पहिल्यातून दुसरा गिअर ७५ टक्क्यांस ताशी ५५ व १०० टक्क्यांस ताशी ७५ किलोमीटरवर पडावा असे तक्त्यात असेल, तर संगणक मधला हिशेब करून ६१ च्या सुमारास गिअर बदलील. शेवटची ओळ कधी वाचलीच जाणार नाही, आणि मालक त्या ओळीतला आकडा वाढवीत बसेल. उलट, मिटलेली झडप आठ टक्के दिसत असेल, तर चालकाने पाय उचलला हेच संगणकास उमगत नाही.

दोन्ही टोके जुळली तरी टक्का म्हणजे शक्ती नव्हे. गोल नळीतील फिरती झडप अर्ध्या कोनास, म्हणजे ४५ अंशांस, आली तरी हवेची वाट जेमतेम २९ टक्केच मोकळी होते. पण इंजिन मंद फिरत असेल तर त्याला तेवढीही हवा पुरून उरते, व झडप पुढे उघडून हाती काही विशेष लागत नाही. मोठ्या व्यासाचा थ्रॉटल बसविला की तीच शक्ती कमी टक्क्यांत मिळू लागते. आणि जेथे तेलाचा दाबही याच टक्क्यांवर ठरतो, तेथे जुना तक्ता तसाच ठेवल्यास जास्त जोर कमी दाबावर पेलण्याची पाळी क्लचवर येते. म्हणून असा तक्ता खालच्या टक्क्यांत दाट टप्प्यांनी भरावा, वरच्या टोकास विरळ चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. केबलविना विजेने चालणाऱ्या थ्रॉटलमध्ये तर पायपट्टीचे टक्के एक व झडपेचे दुसरे. तक्ता त्यांपैकी कोणते वाचतो, हे आधी पाहून घेतले पाहिजे.

सेन्सरच्या दोन्ही टोकांच्या व्होल्टांची मोजणी इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून करावी, आणि ॲक्सिलरेटर चालकाच्या जागेवरून पायानेच दाबावा. बॉनेट उघडून थ्रॉटल हाताने फिरविला तर तो पूर्ण उघडतो खरा, पण खालचा गालिचा किंवा ॲक्सिलरेटरची सैल पडलेली केबल पायाच्या वाटेत जो अडसर आणते, तो त्या मोजणीत उतरत नाही.