कर्नेल-आवृत्ती विसंगती

ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यानंतर संगणकात प्रत्यक्ष चालू असलेले कर्नेल आणि त्याला जोडावयाची मॉड्यूले यांच्या आवृत्त्या भिन्न असल्यामुळे उद्‌भवणारी अवस्था. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होय. स्मृतीचे वाटप, आज्ञावल्यांच्या कार्याचा क्रम व उपकरणांचे नियंत्रण ही कामे त्याच्याकडे असतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये उपकरणांचे बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल या स्वरूपात स्वतंत्र ठेवलेले असून ते गरजेनुसार स्मृतीत घेतले जातात. त्यामुळे ही विसंगती लिनक्समध्ये विशेषत्वाने आढळते.

विसंगतीचे मूळ कर्नेलच्या रचनेत आहे. सामान्य आज्ञावल्या कर्नेलशी ज्या मार्गाने संपर्क साधतात, तो वर्षानुवर्षे स्थिर राखला जातो. कर्नेलची अंतर्गत रचना मात्र आवृत्तीगणिक बदलू शकते. मॉड्यूल कर्नेलच्याच अधिकाराने चालते. जुन्या रचनेनुसार तयार केलेल्या मॉड्यूलने नव्या कर्नेलमधील माहिती चुकीच्या जागी वाचली किंवा लिहिली, तर संगणक बंद पडू शकतो किंवा साठविलेली माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर आवृत्तीची खूण असते. ती न जुळल्यास कर्नेल मॉड्यूल स्वीकारीत नाही. हा नकार म्हणजे बिघाड नसून संरक्षण होय.

कारणे मुख्यतः तीन आहेत. (१) अद्ययावतीकरणात तबकडीवर नवे कर्नेल येते. पण संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत स्मृतीत जुनेच चालू राहते. आर्चसारख्या वितरणात जुनी मॉड्यूले त्याच वेळी काढली जात असल्याने नंतर जोडलेले उपकरण ओळखले जात नाही. (२) ‘बूट’ हा विभाग स्वतंत्र असून अद्ययावतीकरणाच्या वेळी जोडलेला नसल्यास नवे कर्नेल भलत्याच ठिकाणी लिहिले जाते व संगणक जुन्यावरच सुरू होतो. हा विभाग भरलेला असल्यास प्रस्थापन अपुरे राहते. (३) ग्राफिक्स कार्ड इत्यादींची बाहेरून घेतलेली मॉड्यूले नव्या कर्नेलसाठी पुन्हा तयार केलेली नसतात.

निदानासाठी ‘युनेम -आर’ या आज्ञेने चालू कर्नेलची आवृत्ती पाहतात व त्याच नावाची मॉड्यूलांची फाइलपेटी आहे की नाही, हे तपासतात. मॉड्यूलवरील खूण ‘मॉडइन्फो’ने आणि नकाराचे कारण ‘डीमेसेज’च्या नोंदींत दिसते. सुरक्षित आरंभाच्या व्यवस्थेत स्वाक्षरीविना असलेले मॉड्यूलही नाकारले जाते. परंतु ते कारण निराळे असल्याने नोंद नीट वाचणे आवश्यक असते.

प्रथम संगणक पुन्हा सुरू करावा. जुनेच कर्नेल चालू झाल्यास बूट विभाग जोडून व त्यात जागा करून कर्नेल पुन्हा बसवितात. बाहेरील मॉड्यूलांसाठी त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली लागतात. डेल कंपनीने विकसित केलेली ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था अशी मॉड्यूले प्रत्येक नव्या कर्नेलसाठी आपोआप तयार करते. डेबियनसारखी वितरणे जुने कर्नेल त्याच्या मॉड्यूलांसह राखून ठेवतात. ‘ग्रब’च्या सूचीतून ते निवडून काम चालू ठेवता येते. आवृत्तीची तपासणी टाळून मॉड्यूल बळजबरीने घालणे धोक्याचे असते. तसेच या दोषासाठी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसविण्याची सहसा गरज नसते. त्या घाईत वापरणाऱ्याची माहितीच गमावली जाण्याचा संभव असतो.

हा नियम लहानमोठ्या सर्व संगणकांना लागू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळविणारा पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक लिनक्सवरच चालणारा असून सी-डॅकने तयार केलेली, मराठीची सोय असलेली ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिमही डेबियनवर आधारित आहे.