काशीच्या अधिवेशनातील गोखले

काशीचा रामघाट महाराष्ट्रीयांना परका वाटू नये. त्याच्या एका बाजूस नागपूरकर भोसल्यांचा घाट, दुसऱ्या बाजूस पंचगंगा, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट. या परिसरातील गल्ल्यांतून मराठी वैदिकांची व शास्त्र्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. याच नगरीत डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रसभेचे एकविसावे अधिवेशन भरले, आणि अध्यक्षपदी होते पुण्याचे अवघे एकोणचाळीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले.

रानड्यांच्या तालमीत वाढलेले गोखले पक्के उदारमतवादी होते. १९०२ पासून ते वरिष्ठ कायदेमंडळात सरकारचे हिशेब सरकारच्याच आकड्यांनी तपाशीत, आणि मिठावरील कर गरिबांवर कसा पडतो ते दाखवीत. अशा तोलून बोलणाऱ्या माणसाची काशीत मात्र कसोटी होती. १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अंमलात आली होती, तरुण प्रतिनिधी संतापलेले होते, आणि सौम्य शब्दांना आता किंमत उरली नव्हती.

गोखल्यांनी शब्द सौम्य ठेवले नाहीत. नुकत्याच स्वदेशी परतलेल्या कर्झनच्या कारभारास उपमा शोधायची तर औरंगजेबाच्या काळापर्यंत मागे जावे लागेल, असे ते म्हणाले. कर्तव्याची जबर जाणीव, अपार कष्ट, पण सारी सत्ता एका मुठीत, हे साम्य त्यांना दिसले. रामघाटापासून थोड्याच अंतरावर, पंचगंगेवर, औरंगजेबाच्या मशिदीचे उंच मनोरे तेव्हा उभे होते. काशीकरांना ही उपमा फोडून सांगण्याची गरज नव्हती.

खरा पेच होता बहिष्काराचा. स्वदेशीचा त्यांनी मनापासून पुरस्कार केला. परंतु बहिष्कार हे अखेरच्या निकडीचे राजकीय शस्त्र, आणि पाठीशी प्रबळ लोकमत असेल तरच ते उपसावे, अशी मर्यादा घातली. बंगालने ते उपसले हे त्यांनी न्याय्य मानले. ही मर्यादा टिळकपक्षास अपुरी वाटली, यात नवल नाही. पण फाळणीविरुद्ध अध्यक्षपदावरून इतके उघड बोलणे हेही त्या काळी लहान धाडस नव्हते. वसाहतींसारखे स्वराज्य हे ध्येयही त्यांनी याच भाषणात मांडले.

काशीत सावरलेली एकी १९०७ साली सुरतेस मोडली. फाळणी १९११ मध्ये रद्द झाली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात निवर्तले, तेव्हा स्मशानात त्यांचा गौरव करण्यास टिळक उभे राहिले.